खिंडीच्या वळणावरचा भला माणूस

नोकरीतली बरीच वर्षं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. चोऱ्या, हाणामाऱ्या, घरातून निघून गेलेली माणसं... कोणती केस कोणत्या ठाण्यातली, हे सांगायला मला थांबून आठवावं लागतं. पनवेलच्या या एका केसचं मात्र तसं झालेलं नाही. कुणी सहज म्हणालं, "काय देवासारखा माणूस आहे हो," की ती सगळीच्या सगळी समोर उभी राहते.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. मुंबई-पुण्याचा द्रुतगती रस्ता तेव्हा झाला नव्हता. मी उपनिरीक्षक म्हणून पनवेल तालुक्यात नुकताच बदलून आलो होतो. पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता सुटतो, शिरढोण मागे पडतं आणि पुढे कर्नाळ्याच्या खिंडीत रस्ता झाडीतून वळणं घेत जातो. त्या भागातल्या एका वळणाच्या थोडं अलीकडे पंक्चर काढायचं दुकान होतं. दुकानाचा मालक चाळिशी ओलांडलेला, जवळच्याच गावातला. गावाचं आणि त्याचं नाव मी सांगणार नाही. सगळे त्याला भाऊ म्हणायचे, मीही इथं भाऊच म्हणतो.

भाऊची ओळख मला पहिल्याच आठवड्यात करून देण्यात आली, आणि तीही अभिमानाने. आमच्या ठाण्यातले एक जुने हवालदार मला हद्द दाखवायला घेऊन निघाले होते. त्यांनी मुद्दाम जीप त्या दुकानासमोर थांबवली.

"साहेब, ह्यांना ओळखून ठेवा. आपल्या खात्याचा माणूस नाही, पण आपल्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा जास्त काम करतो."

ते खोटं नव्हतं. त्या काळी रस्त्यावर कुणी रक्तबंबाळ होऊन पडलं तर गाड्या बाजूने निघून जात. हात लावला तर पोलीस जबाबाला बोलावतील, कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतील, ही भीती. तिच्यात तथ्यही होतं. भाऊ मात्र धावायचा. जखमीला उचलायचा, जखम बांधायचा, मिळेल तो टेम्पो अडवून पनवेलच्या सरकारी दवाखान्यात पोहोचवायचा. पेशंटच्या अंगावरचे दागिने फडक्यात बांधून आमच्या ठाणे अंमलदाराकडे आणून द्यायचा. कधी एक मणी कमी निघाला नाही. पंच म्हणून बोलावलं तर दुकान बंद करून यायचा.

हे सुरू झालं होतं एका बसच्या अपघातापासून. मी येण्याच्या काही वर्षं आधी एक खासगी बस वळणावरून खाली ओढ्यात गेली होती. भाऊने काचा फोडून माणसं बाहेर काढली. त्याच्या दंडावर कापल्याची लांब खूण होती. वर्तमानपत्रात फोटो आला, सव्वीस जानेवारीला तालुक्याच्या ठिकाणी शाल-श्रीफळ मिळालं. तो फोटो दुकानात टांगलेला होता. त्याच्याभोवती नंतरचे फोटो, आभाराची पत्रं, कुणीतरी दिलेली मानचिन्हं. दाराशी पाटी होती : 'अपघात झाल्यास येथे कळवा.'

मला तो माणूस आवडला. कमी बोलायचा, डोळे मऊ होते. चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

त्या वर्षी गणपतीचा बंदोबस्त संपला, कोकणात गेलेल्या गाड्या परत मुंबईकडे गेल्या आणि रस्ता जरा मोकळा झाला. अशाच एका संध्याकाळी त्या वळणावर एक स्कूटर घसरली. स्कूटरवर एक तरुण शिक्षक आणि त्याची बायको होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मास्तरांचा पाय मोडला. बायको डोक्यावर आपटली होती. भाऊ नेहमीसारखा धावत गेला, पण टेम्पो मिळेपर्यंतच ती गेली. भाऊच्या मांडीवर गेली. पंचनाम्यासाठी आम्ही पोहोचलो तेव्हा तो रस्त्याच्या कडेला बसून हुंदके देत होता. त्याचा शर्ट तिच्या रक्ताने भिजला होता. आमच्या हवालदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांचेही डोळे भरून आले. त्यांचा सख्खा मेहुणा वर्षभरापूर्वी त्याच वळणावर पडला होता आणि भाऊमुळे वाचला होता.

रस्त्यावर तेल सांडलेलं होतं. एखाद्या ट्रकचं गळालं असणार, अशी नोंद झाली. गोवा रस्त्यावर तेल सांडणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती.

त्यानंतर काही दिवसांनी भाऊची बायको ठाण्यात आली.

सकाळची हजेरी झाली होती. कोर्टात न्यायचे आरोपी व्हरांड्यात बसवले होते, वायरलेसवर खरखर चालू होती. अशा गर्दीत एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बाकावर येऊन बसली. ठाणे अंमलदाराने दोनदा विचारलं, "काय तक्रार आहे?" ती म्हणाली, "मोट्या सायबांशी बोलाचं हाय. त्यांचा काम होऊ द्या." दुपारी गर्दी ओसरली, तरी ती तिथेच होती. मी तिला आत बोलावलं.

घरचा मामला असावा, असं वाटून मी नेहमीच्या प्रश्नांपासून सुरुवात केली.

"नवरा मारतो का?"

"नाय. कवा बोट पन लावला नाय."

"दारू?"

"नाय सायेब. चांगला वागतान माज्याशी."

"मग बाई, तक्रार कशाची?"

ती बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सायेब, जखमेला बांधाच्या पट्ट्या मी धुते. जुन्या धोतराच्या. त्या ते मना दुपारी धुवाला सांगतान. पान्याचा कॅन भरून ठेवतान. आनि संध्याकाली अपघात होतो."

मला पटकन कळलं नाही.

"म्हणजे? तयारी ठेवत असतील. रोज ठेवत असतील."

"रोज नाय. ज्या दिवशी ठेवतान, त्याच दिवशी होतो." तिने आता वर पाहिलं. "पयल्यांदा मना वाटला, त्यांना आधी कलतंय. देवाचा काय तरी असल. मंग मी दुकानाच्या मागं गेले. तिथं गाडीतून काढलेल्या जलक्या ऑइलचे कॅन व्हते. त्या दिवशी दुपारी एक भरलेला व्हता. रातचा रिकामा."

टेबलावरचा पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी हसलं. मी तिला पुन्हा सगळं सांगायला लावलं. पोलिसांची सवयच ती. खोटं बोलणारा दुसऱ्यांदा सांगताना एक तर हुबेहूब तेच सांगतो, नाहीतर काही भर घालतो. तिने दोन्ही केलं नाही. अडखळली, एक गोष्ट विसरली, नंतर आठवून सांगितली.

"तुम्ही त्यांना विचारलंत?"

"नाय. भीती वाटते."

"मारतील म्हणून?"

"नाय. ते व्हय बोलले तर काय करू, ह्याची."

ती गेल्यावर मी हवालदारांना आत घेतलं आणि दार लावलं. ऐकताना त्यांचा चेहरा लाल होत गेला.

"साहेब, बाईचं डोकं फिरलंय. मूलबाळ नाही, घरात एकटी असते. भाऊवर असला आळ? माझ्या बहिणीचं कुंकू त्या माणसानं राखलंय."

"आळ नाही घेत. बघू म्हणतोय."

"काय बघायचं त्यात?"

"पट्ट्या," मी म्हणालो.

भाऊच्या दुकानासमोर रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. तिथून दुकानाशेजारी गावाकडे तोंड करून असलेल्या त्याच्या घराची मागची बाजू आणि कपडे वाळत घालायची दोरी दिसायची. हवालदारांनी साध्या कपड्यात तिथे बसायचं, दोरीवर पट्ट्या दिसल्या की टपरीवरून सरळ ठाण्यात यायचं, एवढंच ठरलं. ओळखीचाच माणूस चहाला बसला, म्हणून भाऊला संशय येणार नव्हता. त्यांनी ते काम माझ्यावर उपकार केल्यासारखं पत्करलं. रोज संध्याकाळी येऊन सांगायचे, "काही नाही साहेब. पंक्चर काढत बसले होते." त्यांच्या आवाजात सुटकाही असायची आणि मला दिलेला टोमणाही.

दसरा तोंडावर आला होता. एके दिवशी दुपारी ते ठाण्यात आले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "पट्ट्या आहेत दोरीवर." आणि लगेच पुढे, "पण त्याचा अर्थ काही होत नाही."

आम्ही दोन पंच बरोबर घेतले. ते दुसऱ्या गावचे, भाऊशी संबंध नसलेले होते. वळणाच्या दोन्ही अंगांना दूरवर एकेक शिपाई कंदील आणि लाल फडकं देऊन उभा केला. इशारा होताच गाड्या अडवायच्या. मी, हवालदार आणि पंच झाडीत बसलो. सकाळी सर येऊन गेली होती, रस्ता ओलसर होता. सूर्य डोंगराआड गेला, पण उजेड होता, माणूस ओळखू येण्याइतका.

भाऊ सायकलवरून आला. हँडलला काळा कॅन लटकत होता. त्याने सायकल कडेला लावली, दोन्हीकडे पाहिलं, एक ट्रक जाऊ दिला. मग वळणाच्या आतल्या बाजूला वाकून, सावकाश, बाई अंगणात सडा घालते तसं त्याने ते तेल रस्त्यावर ओतलं. थेंब वाया जाऊ नये अशी काळजी घेत होता. माझ्या शेजारी हवालदार काहीतरी पुटपुटले. मी पाहिलं तर त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं.

मी शिट्टी वाजवली. शिपायांनी गाड्या अडवल्या. मुंबईच्या बाजूने येणारा एक टेम्पो करकचून थांबला. त्यात बायका-मुलं होती, कुठल्या तरी देवीला निघालेली. आम्ही झाडीतून बाहेर आलो.

भाऊ आमच्याकडे वळला. कॅन त्याच्या हातात होता. त्याने जे पहिलं वाक्य उच्चारलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"बरा झाला सायेब आलात. बगा ना, हितं कोनीतरी तेल सांडलाय."

आणि कॅन खाली ठेवून, वाकून, तो ओंजळीओंजळीने कडेची माती त्या तेलावर टाकू लागला. मनापासून, घाईघाईने. "गाड्या थांबवा, थांबवा गाड्या, लोक मरतील," असं ओरडतही होता. तो आम्हाला फसवत होता असं मला त्या क्षणी वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. धावून जाणारा माणूस त्याच्यात इतका मुरला होता की तेल ओतणारा हात आपलाच, हे त्याला जणू दिसतच नव्हतं.

हवालदारांनी तो कॅन उचलून पंचांसमोर धरला.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशीला बसलो. पोलीस चौकशी म्हटलं की लोकांना पट्टा आठवतो. मारलं की माणूस बोलतो हे खरं, पण आपल्याला जे हवं तेच बोलतो. शिवाय पोलिसांसमोरची कबुली कोर्टात उभी राहत नाही. मला समजून घ्यायचं होतं. भाऊ शांत होता. आधी म्हणाला कॅन सायकलच्या साखळीसाठी होता, कलंडला. मग म्हणाला आठवत नाही. मग त्याने वाचवलेल्या माणसांची नावं सांगायला सुरुवात केली. कुणाचा पाय, कुणाचं डोकं, कोण आता कुठे आहे, कुणाला मुलगा झाला. सगळं तोंडपाठ. प्रत्येक नावानंतर माझ्याकडे बघायचा.

मी तेलाबद्दल विचारणंच सोडून दिलं.

"मध्यंतरी बांधकाम खात्याने ते वळण रुंद केलं ना? पांढरे दगड लावले, पाटी लावली?"

"व्हय."

"मग अपघात थांबले असतील."

"थांबले. लय दिवस काय झाला नाय."

"तेव्हा बरं वाटलं असेल तुम्हाला."

व्हरांड्यात कुणीतरी बेड्यांची किल्ली शोधत होतं. भाऊ तिकडे बघत म्हणाला, "पयल्यांदा वाटला."

"आणि नंतर?"

"नंतर कोन येत नव्हता, सायेब. आधी दुकानात मानसा येऊन बसाची. ह्यो कोन, तर बस अपघातवाला भाऊ. मंग नुसता पंक्चरवाला. त्या वर्षी सव्वीस जानेवारीची शाल एका साप पकडनाऱ्याला दिली. सापासाठी!" त्याच्या आवाजात अजूनही दुखावलेपण होतं.

पुढचं त्याने स्वतःहून सांगितलं. एकदा खरोखरच त्याचा कॅन वळणावर कलंडला होता. माती टाकावी म्हणून तो परत फिरणार, एवढ्यात एक स्कूटरवाला घसरला. त्याला फारसं लागलं नाही. भाऊने त्याला उचललं, जखम बांधली, घरी पोहोचवलं. त्या माणसाची म्हातारी आई भाऊच्या पाया पडली. घरी परतताना त्याने ठरवलं, सकाळी उठून रस्ता साफ करायचा.

"केलात?"

"नाय," तो म्हणाला. "पाऊस धुऊन टाकील, असा वाटला."

पाऊस पडला आणि रस्ता धुतला गेला. पुढच्या वेळी मात्र कॅन आपोआप कलंडला नव्हता.

"भाऊ, माणसं मरू शकतात हे कळत नव्हतं?"

तेव्हा तो एकदम उठून उभा राहिला. शिपाई पुढे सरसावला, मी हाताने थांबवलं. भाऊच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मारायला नाय टाकला, सायेब! आईशप्पत, वाचवाला टाकला! मी व्हतो ना तिथं. मी असताना कोन मरनार नव्हता."

"मास्तरांची बायको मेली."

तो खाली बसला. भिंतीला डोकं टेकलं. "ती गेली तवा घास उतरला नाय माज्या गल्याखाली. आजून तिचा तोंड दिसतो."

"तरी काल पुन्हा गेलात. का?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी लहान मुलासारखी साधी गोष्ट विचारतो आहे.

"ती गेली ना, सायेब. मंग एकाला तरी वाचवाला नको?"

चौकशीच्या खोलीतून मी बाहेर आलो आणि मागच्या नळावर जाऊन तोंड धुतलं. तोवर मी खून पाहिले होते, बापाने मुलाचा केलेला पाहिला होता. तिथे निदान राग तरी असतो, हाव असते, काहीतरी पकडता येतं. इथे माझ्या हाताला दया लागत होती. धाडस लागत होतं. निर्लोभपणा लागत होता. एकेक गुण खरा, आणि सगळ्यांच्या तळाशी ते काळं तेल.

भाऊने नंतर पंचांसमोर दुकानामागची जागा दाखवली. पालापाचोळ्याखालून आम्ही कॅन जप्त केले. गुन्ह्यात सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं.

बातमी फुटली आणि तालुका पेटला. भाऊचं गाव आलं, आजूबाजूची गावं आली. ज्यांना त्याने उचलून दवाखान्यात नेलं होतं, ती माणसं बायकामुलांसह ठाण्यासमोर येऊन बसली. "आधी आम्हाला आत टाका," म्हणाली. पोलिसांना खरे गुन्हेगार सापडत नाहीत म्हणून देवमाणसाला अडकवलं, अशी भाषणं झाली. हवालदार ठाण्याच्या दारात उभे होते. लोक त्यांना म्हणत होते, "तुमच्या मेहुण्याला वाचवला त्यानं, लाज वाटत नाही?" आणि ते खाली बघत होते.

त्या गर्दीतून कुबड्यांवर मास्तर आले. पाय अजून प्लास्टरमध्ये होता. मी त्यांना आत बसवलं.

"साहेब, मी जामीन राहायला आलोय," ते म्हणाले. "माझ्या बायकोला शेवटचं पाणी त्यांनी पाजलं. मला हलता येत नव्हतं. ती मला दिसत होती, पण तिच्यापर्यंत जाता येत नव्हतं. ते होते म्हणून ती एकटी गेली नाही. अशा माणसाला तुम्ही..."

गर्दीला शांत करायला मी सांगायचे शब्द तयार ठेवले होते. यांच्यासाठी काहीच तयार नव्हतं. तपासाची माहिती बाहेर सांगू नये हा नियम मला माहीत होता, पण या माणसाला ती वर्तमानपत्रात वाचायला लावणं मला जमलं नसतं. मी सांगितलं. कॅन, वळण, आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. जितकं थोडक्यात सांगता आलं तितकं.

बाहेर घोषणा चालू होत्या. मग त्यांनी विचारलं, "पाणी पाजताना ते रडत होते. मी पाहिलं. ते नाटक होतं?"

खोटं सांगणं सोपं होतं. मी म्हणालो, "नाही. ते खरं होतं."

"नाटक असतं तर बरं झालं असतं, साहेब," मास्तर म्हणाले.

ते उठले, मागच्या दाराने गेले. पुढच्या दारातल्या माणसांच्या तोंडाकडे त्यांना बघवलं नसतं.

खटला अलिबागच्या सेशन कोर्टात चालला. नवरा-बायकोतलं बोलणं बायकोला कोर्टात सांगता येत नाही, पण तिने डोळ्यांनी पाहिलेलं सांगता येतं. म्हणून भाऊच्या बायकोची साक्ष महत्त्वाची होती. तोवर गावाने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, दुकानदार सगळ्यांना सामान देऊन झाल्यावर तिच्याकडे बघणार. तिच्या सख्ख्या भावाने निरोप पाठवला होता, की साक्ष दिलीस तर माहेर नाही. मला वाटलं होतं, ती फिरेल. बरेच साक्षीदार याहून कमी गोष्टींसाठी फिरतात.

ती फिरली नाही. बचावाच्या वकिलांनी तिला बरंच छेडलं. नवऱ्याचं नाव झालेलं तुला बघवलं नाही का, दुसरं कुणी मनात आहे का, असलं सगळं. शेवटी त्यांनी विचारलं, "ज्याने तुला कधी दुखावलं नाही अशा नवऱ्याला तुरुंगात पाठवणारी बायको चांगली असते का?"

ती म्हणाली, "चांगली नसल. पट्ट्या दोरीवर व्हत्या आनि मना ठाव व्हता. मंग मी काय करू?"

भाऊ आरोपीच्या पिंजऱ्यातून तिच्याकडे बघत होता, रागाने नव्हे. संपूर्ण खटल्यात त्याने वकिलाला, मला, कोर्टातल्या शिपायालासुद्धा एकच गोष्ट विचारली : "मी वाईट मानूस हाय का?"

त्याला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर त्याच्या गावचे लोक गटाने उभे होते. बाई एकटी एस.टी. स्टँडकडे चालली होती. मी जीपने सोडतो म्हटलं तर नको म्हणाली. "जीपमंदून उतरले तर आजून बोलतील. मना तिथंच ऱ्हायाचं हाय."

"तिथेच कशाला? दुसरीकडे कुठे..."

"तिथंच घर हाय," ती म्हणाली.

स्टँडवर मास्तर पनवेलच्या गाडीची वाट बघत उभे होते. आता कुबड्या गेल्या होत्या, हातात काठी होती. त्यांनी तिला पाहिलं. मी काही पावलांवर होतो, पुढे व्हावं का, असा विचार करत होतो. मास्तर तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मी तपासात तिला विचारला होता आणि ज्याचं उत्तर फक्त जबाबात लिहून घेतलं होतं.

"कोर्टात तुम्हीच सांगितलंत, तुम्हाला आधीपासून शंका होती. माझी बायको जायच्या आधी. मग तेव्हा का नाही गेलात पोलिसांकडे?"

तिला म्हणता आलं असतं, मी अडाणी बाई. भीती वाटली. नवरा आहे. ते सगळं खरंच होतं आणि मास्तरांना ते पटलंही असतं.

"नाय गेले," ती म्हणाली. "जायाला पायजे व्हता."

एवढंच. ती रडली नाही, हात जोडले नाहीत, माफी मागून त्यांच्यावर माफ करायचं ओझं टाकलं नाही. मग पनवेलची गाडी लागली, लोकांनी दाराशी झुंबड केली. मास्तरांना काठी आणि पिशवी घेऊन चढता येईना. तिने हात पुढे केला. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं, आणि मग पिशवी तिच्याकडे दिली. गाडी सुटली तेव्हा दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसलेले दिसले. पिशवी तिच्या मांडीवर होती.

नोकरीच्या शेवटच्या काळात मी नव्या उपनिरीक्षकांना शिकवायला जात असे, तेव्हा ही केस सांगायचो. मुलं हादरायची. मग ठरलेला प्रश्न यायचा : सर, शेवटी तो माणूस चांगला की वाईट? मी सांगायचो, की कोर्टाने त्याच्या कृत्याचा निकाल दिला; त्याच्यामुळे जगलेली माणसं आजही आहेत आणि तीही खरी आहेत; बाकी मला कळलेलं नाही. चांगली कामं आणि चांगला माणूस ही मला पूर्वी एकच गोष्ट वाटायची. त्या दिवसानंतर तसं म्हणताना जीभ अडखळते.

एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने वेगळंच विचारलं. "सर, ती बाई तरी चांगली म्हणायची का? तिनेही उशीर केलाच ना. एक जीव गेला त्यात."

मला आठवत होता तो भाऊ, पिंजऱ्यातून वाकून वाकून विचारणारा, मी वाईट आहे का, मी चांगला नाही का. जन्मभर त्याची नजर त्या एका प्रश्नावर खिळलेली होती. मरणारी बाईसुद्धा त्याला त्या प्रश्नाच्या पलीकडे दिसली नाही.

"तिचं मला नक्की सांगता यायचं नाही," मी त्या मुलीला म्हणालो. "पण इतक्या वेळा भेटली, तरी तिने आपण चांगले की वाईट, हे मला एकदाही विचारलं नाही. तिचं लक्ष रस्त्यावरच्या तेलाकडे होतं."